पीएस टू, मॉनिटर आणि मधली पेटी

आमच्या पुण्याच्या घरात टीव्ही नाही. बातम्या मोबाइलवर, सिनेमे लॅपटॉपवर आणि घरून कामासाठी टेबलावर २४ इंची मॉनिटर, एवढ्यावर आमचं छान चालतं. आईने साताऱ्याहून माझा आणि दादाचा जुना प्लेस्टेशन टू (पीएस टू), म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, पाठवून दिला, तेव्हा तो लावायचा तर मॉनिटरलाच लावावा लागणार हे उघड होतं. तो लागला, आणि उत्तम लागला. पण वाटेत दुकानांतून आणि ओळखीच्यांकडून जे सल्ले मिळाले ते बहुतेक अर्धवट निघाले. हे यंत्र आपल्याकडे अजून कितीतरी माळ्यांवर पडून आहे, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

पीएस टू जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी बाजारात आला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. जगभरात १५ कोटींहून जास्त यंत्रं खपली. आमचा नंतरचा, पातळ मॉडेल आहे. आमच्या घरात त्यावर मुख्यतः एकच गेम चालायचा, ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७. ८ एमबीच्या मेमरी कार्डावर दादाच्या अर्धवट राहिलेल्या स्पर्धा अजून शाबूत आहेत. मला ते कार्ड उघडून बघायचं होतं आणि त्यातला एखादा सामना पुढे खेळायचा होता.

यंत्राच्या मागे चित्राचं एकच लांबट सॉकेट असतं, त्यावर ‘एव्ही मल्टी आउट’ लिहिलेलं असतं. पिशवीत त्याची मूळची पिवळी-पांढरी-लाल पिनांची वायर होती. मॉनिटरला मागे एचडीएमआय आणि व्हीजीए, बाकी काही नाही. मी दादाला फोन केला.

“अगं, तपकीर गल्लीत जा,” तो म्हणाला. “या टोकाला ही पिन आणि त्या टोकाला ती, अशी वायर मिळेल. पन्नास प्रकारच्या मिळतात तिथे.”

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत खरोखरच हवी ती वायर मिळते. एका दुकानात मला लगेच हिरव्या-निळ्या-लाल पिनांना व्हीजीएचं टोक जोडलेली केबल दाखवली. “ताई, ही न्या. ह्या तीन पिना पीएसच्या वायरला, हे मॉनिटरला. झालं.” पिना जुळत होत्या हे खरं. पण घरून निघण्याआधी मी मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान वाचून गेले होते, आणि त्या पानामुळे ती केबल मी घेतली नाही.

त्या पानावर ‘हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी ३० ते ८३ किलोहर्ट्झ’ अशी एक ओळ आहे, म्हणजे मॉनिटर सेकंदाला चित्राच्या ३० ते ८३ हजार ओळी घेऊ शकतो. सगळी अडचण या ओळीत आहे. भारतात विकलेले पीएस टू पाल पद्धतीचे, म्हणजे आपल्या दूरदर्शनच्या जमान्यातल्या टीव्हीला जुळणारे. पाल चित्रात ६२५ ओळी असतात आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला १५,६२५ ओळी होतात, म्हणजे १५.६ किलोहर्ट्झ. कॉम्प्युटरचा मॉनिटर जिथून सुरू होतो त्याच्या निम्म्यावर पीएस टू थांबतो. मधे नुसती तांब्याची तार घातली तर हा आकडा बदलत नाही, मग टोकाला पिन कुठलीही असो. शिवाय त्या हिरव्या-निळ्या-लाल पिनांतून येतं ते कॉम्पोनंट चित्र, म्हणजे एका तारेत उजेड आणि दोन तारांत रंगांचे फरक. व्हीजीएला हवे असतात लाल-हिरवा-निळा हे सुटे रंग (आरजीबी) आणि त्यांच्या जोडीला वेगळे सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कधी सुरू होतं ते सांगणारे इशारे. ती केबल खोटी नाही. काही प्रोजेक्टर व्हीजीएच्या तोंडातून कॉम्पोनंट घेतात, त्यांच्यासाठी ती बनवलेली आहे. मॉनिटरला तिचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ओळींच्या क्रमाची. ६२५ पैकी चित्राच्या ओळी ५७६. पण पीएस टू त्या एकदम पाठवत नाही. आधी एक सोडून एक अशा निम्म्या ओळी, मग राहिलेल्या निम्म्या, असं सेकंदाला ५० वेळा चालतं. याला इंटरलेसिंग म्हणतात आणि अशा चित्राला ५७६आय. ट्यूबच्या टीव्हीला हे जन्मजात जमायचं, कारण त्याच्या पडद्यावर ओळी तशाच क्रमाने उमटायच्या. सपाट पडद्याला एका वेळी पूर्ण चित्र लागतं. तेव्हा वाटेत कुणीतरी हे दोन अर्धे जोडून द्यायला हवेत. तो ‘कुणीतरी’ कोण आहे आणि ते काम तो कसं करतो, यावर मॉनिटरवरच्या चित्राचा दर्जा आणि खेळण्याची मजा अवलंबून असते. हे मला पहिल्याच आठवड्यात पटलं आणि पुढे जे जे लावून पाहिलं त्यातून पक्कं होत गेलं.

सगळ्यांत आधी मिळाली ती पीएस टूसाठीच बनवलेली, अंगठ्याएवढी पेटी. एका बाजूने ती यंत्राच्या मागे घुसते, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, कडेला हेडफोनचं भोक आणि विजेसाठी यूएसबीची शेपूट. किंमत अगदी परवडणारी. लावली आणि मॉनिटरवर काळ्या पडद्यावर ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ अशी चौकट आली. तीच पेटी आणि तेच यंत्र खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या टीव्हीला लावलं, तर पहिल्या झटक्यात चित्र. पेटी बिघडलेली नव्हती. ती फक्त ॲनालॉगचं डिजिटल करते आणि ५७६आय जसंच्या तसं एचडीएमआयमधून पुढे ढकलते. टीव्हीच्या पोटात ओळी जोडणारी यंत्रणा असते, म्हणून टीव्ही ते घेतो. कॉम्प्युटर मॉनिटरच्या पोटात ती असेलच असं नाही. ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांनी खुशाल हीच पेटी घ्यावी.

यातला एक अपवाद सांगायला हवा. काही गेम पूर्ण चित्र, म्हणजे ४८०पी, स्वतःहून देऊ शकतात. बऱ्याच अमेरिकन डिस्कांमध्ये गेम सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही बटणं दाबून धरली की तो पर्याय उघडतो. ग्रॅन टुरिस्मो ४ च्या अमेरिकन आवृत्तीत तर १०८०आयसुद्धा आहे. पण आपल्याकडच्या पाल डिस्कांमधून ही सोय बऱ्याचदा काढून टाकलेली असते. मेमरी कार्डावर चढवलेल्या छोट्या प्रोग्रामने गेमला ४८०पी द्यायला भागही पाडता येतं. काही गेम किंवा त्यांतले व्हिडिओ मात्र तिथे अडकतात. दादाच्या कार्डाला हात लावायचा नव्हता, म्हणून त्या वाटेला मी गेले नाही.

नंतरची पेटी तपकीर गल्लीत सर्रास मिळणारी, तीन रंगीत भोकांची आणि ७२०पी-१०८०पी असं बटण असलेली. ही मात्र ओळी स्वतः जोडते आणि मॉनिटरला समजेल असं चित्र बनवून देते. चित्र आलं! प्लेस्टेशनचे ते निळे ठोकळे आणि तो सुरुवातीचा आवाज इतक्या वर्षांनी पाहून-ऐकून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पण सामना सुरू झाल्यावर त्रास दिसायला लागले. धावफलकावरच्या ६ आणि ८ मधला फरक कळेना. आकड्यांच्या कडांना लाल-निळे ठिपके सरकत होते. मैदान रुंद ताणलेलं, फलंदाज आडवे सुटलेले. धावता गोलंदाज फणीच्या दातांसारखा फाटलेला दिसत होता. दोन अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असताना नुसती एकमेकांत घुसवली की हेच होतं.

रंगीत ठिपक्यांचा दोष पेटीचा कमी आणि पिवळ्या वायरीचा जास्त आहे. पिवळ्या पिनेतून उजेडाची आणि रंगाची माहिती एकत्र मिसळून येते. ती पुन्हा वेगळी करताना बारीक अक्षरांच्या कडा कधीच पूर्ण सुटत नाहीत. कितीही महागडी पेटी पुढे लावली तरी पिवळ्या वायरीत मिसळलेलं परत पूर्ण वेगळं होत नाही. म्हणून वायर आधी बदलावी, पेटीचा विचार नंतर करावा.

आणि सगळ्यांत मोठा त्रास उशिराचा. क्रिकेट ०७ मध्ये फटका उजव्या ॲनालॉग स्टिकने मारतात आणि चेंडू टप्पा पडून उठतो त्या क्षणाला फार किंमत असते. साताऱ्याच्या जुन्या टीव्हीवर माझा कव्हर ड्राइव्ह हुकायचा नाही. इथे हात बरोबर वेळेला जात होता आणि बॅट मागून येत होती. सरळ चेंडूवर यष्टी उडत होत्या. माझ्या मनाचा खेळ नको म्हणून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम, कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरून चित्रण केलं. बटण दाबल्यापासून मेन्यूतला दर्शक (कर्सर) हलेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या की उशीर कळतो. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. पेटी चित्राचे अर्धे भाग साठवते, जोडते, मोठे करते, ५० चं ६० हर्ट्झ करते आणि मग पुढे पाठवते. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. पाल पद्धतीत एक अर्धं चित्र २० मिलिसेकंदांचं. अशी दोन-तीन साठवली की टप्पा पडलेला चेंडू यष्टीरक्षकाकडे पोचायला निघालेला असतो.

या टप्प्यावर साताऱ्याच्या मामाने एक अनपेक्षित वस्तू काढून दिली, एक्सटर्नल टीव्ही ट्यूनर. ज्यांनी २००५ ते २०१० च्या दरम्यान होस्टेलवर दिवस काढले त्यांना ही पेटी नक्की आठवेल. कॉम्प्युटर बंद असला तरी मॉनिटरवर केबल टीव्ही दाखवणारी, रिमोटवाली. एका बाजूला केबलची जाड वायर, एव्ही आणि एस-व्हिडिओची भोकं. दुसऱ्या बाजूला व्हीजीए. मुंबईत ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि पुण्यासारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ च्या मुदतीनंतर केबल डिजिटल झाली, घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि या पेट्या निरुपयोगी म्हणून माळ्यावर गेल्या. पीएस टूचं उत्पादनही त्याच हिवाळ्यात थांबलेलं.

पण विचार केला तर ही पेटी आपल्याला हवं तेच काम करते. १५.६ किलोहर्ट्झचं पाल चित्र घ्यायचं, ओळी जोडायच्या आणि व्हीजीएतून मॉनिटरला द्यायचं. पीएस टूची एस-व्हिडिओ वायर मिळवली, म्हणजे उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून. मामाकडचाच जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर लावला. चित्र ताणलेलं नाही, ठिपके गेलेले, धावफलक स्वच्छ. त्या चौकोनी पडद्यावर क्रिकेट ०७ फार देखणं दिसतं, हे मनापासून सांगते. उशीर थोडा होता, पण सराव झाला की बॅट लागत होती. जुन्या सामानात कुणाला हा ट्यूनर आणि चौकोनी मॉनिटर सापडला तर नवीन काही विकत घेण्याआधी ही जोडी लावून पाहावी. खर्च फक्त वायरीचा.

मला मात्र टेबलावर दुसरा मॉनिटर ठेवायला जागा नव्हती, आणि २४ इंचीवर हे जमवायचंच होतं. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे ओएसएससी होता, म्हणजे ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर. नावाप्रमाणे त्याचे आराखडे आणि प्रोग्राम सर्वांसाठी खुले आहेत. जुन्या कन्सोलसाठीच बनवलेली ही पेटी पूर्ण चित्र साठवत बसत नाही. ओळ आली की ती दोनदा पुढे पाठवते, एवढंच. साठवण काही ओळींपुरती असल्यामुळे उशीर जवळजवळ होतच नाही. तो आणून लावला, समाधान झालं, आणि मग स्वतःसाठी मागवला.

त्याला कॉम्पोनंट वायर लागते. पीएस वन, पीएस टू आणि पीएस थ्री यांचं मागचं एव्ही सॉकेट एकच असल्यामुळे पीएस थ्रीची कॉम्पोनंट वायर पीएस टूला चालते; ती शोधायला जास्त सोपी. तिला पाच पिना असतात आणि त्यांत लाल दोन. एक लाल चित्राची, एक आवाजाची. वायर दोन जुडग्यांत फुटलेली असते. हिरव्या-निळ्याबरोबरची लाल चित्राची, पांढऱ्याबरोबरची आवाजाची. ही अदलाबदल झाली तर चित्रातला लाल रंग हरवतो.

वायर बदलण्याआधी एक काम करावंच लागतं, आणि ते जुन्या पिवळ्या वायरीवर असतानाच. डिस्क न घालता यंत्र चालू करायचं, सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जायचं, आणि ‘कॉम्पोनंट व्हिडिओ आउट’ या ओळीत आरजीबीऐवजी ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’ निवडायचं. हे केलं नाही तर कॉम्पोनंट वायरीवर चित्र येत नाही किंवा रंग भलतेच दिसतात, आणि मग तो बदल करायला मेन्यूच धड दिसत नाही. पीएस टू बिघडला म्हणून भंगारात जाणाऱ्यांपैकी काही यंत्रं या एका ओळीसाठी जात असणार असं मला वाटतं.

ओएसएससीच्या अंगावर दोन ओळींचा छोटा डिस्प्ले आहे. यंत्र चालू केलं आणि त्यावर १५.६२ किलोहर्ट्झ, ५० हर्ट्झ असे आकडे उमटले. कागदावर ६२५ गुणिले २५ करून जे आलं होतं तेच समोर होतं, आणि मला फार आनंद झाला. पलीकडे मॉनिटरने ७२० बाय ५७६, ५० हर्ट्झ असं सांगून चित्र उचललं. हा भाग मॉनिटरवर अवलंबून आहे. सगळे मॉनिटर एचडीएमआयवर ५० हर्ट्झ घेत नाहीत, म्हणून अशी पेटी मागवण्याआधी आपल्या मॉनिटरच्या पुस्तिकेत चालणाऱ्या रिझोल्यूशनांच्या तक्त्यात ५७६पी शोधावं. ते दिसलं नाही तर कुणाची तरी पेटी आणून लावून पाहिल्याशिवाय पैसे घालू नयेत.

चित्र मॉनिटरभर ताणलेलं आलं होतं. मॉनिटरच्या मेन्यूत आकाराचा पर्याय ‘४:३’ केल्यावर १९२० पैकी मधले १४४० ठिपके चित्राला मिळाले आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या आल्या. काहींना त्या पट्ट्या खटकतात. मला विचाराल तर गोल चेंडू गोल दिसायला हवा.

ओएसएससी ओळी दुप्पट करतो, पण सम आणि विषम ओळींचे अर्धे वेगवेगळेच दाखवतो, त्यामुळे बारीक आडव्या रेषा किंचित थरथरतात. क्रीजच्या पांढऱ्या रेषा आणि यष्टींवरच्या बेल्स नीट पाहिल्या तर ते दिसतं. हलत्या चित्रात जाणवत नाही, मेन्यूत जाणवतं. ही थरथर घालवणाऱ्या महागड्या पेट्याही आहेत. त्या आधीचा अर्धा भाग लक्षात ठेवून चित्रातली हालचाल ओळखतात आणि त्याप्रमाणे ओळी भरतात. मला उशीर नको होता आणि थरथर चालत होती. गोष्ट वाचत-वाचत पुढे जाणारे गेम कुणी खेळत असेल तर त्याची निवड उलट असू शकेल. स्लो मोशनच्या चित्रणात आता अंगठा आणि दर्शक यांच्यातल्या फ्रेम इतक्या कमी झाल्या की राहिलेला उशीर बहुतेक मॉनिटरचाच असावा. मॉनिटरचा गेम मोड चालू केल्यावर तोही थोडा उतरला.

आवाजासाठी कॉम्प्युटरचे जुने स्पीकर काढले. माझ्या मॉनिटरला स्पीकर नाहीतच. लाल-पांढऱ्या पिना एका टोकाला आणि साडेतीन मिलिमीटरची पिन दुसऱ्या टोकाला, अशी छोटी वायर गल्लीत कुठेही मिळते. यात काहीच अवघड नाही.

खालच्या मजल्यावरचा अर्णव त्याच्या बाबांच्या काळातली प्लॅस्टिकची बंदूक घेऊन आला होता. पीएसवर निशाणेबाजीचे गेम खेळायला तशा बंदुका मिळायच्या. त्याला खरं सांगावं लागलं. ती बंदूक ट्यूबच्या पडद्यावरून फिरणारा प्रकाशाचा ठिपका नेमका कोणत्या क्षणी समोरून गेला यावरून नेम ओळखते. सपाट पडद्यावर असा ठिपका फिरतच नाही, त्यामुळे कुठलीही पेटी लावली तरी ती इथे चालणार नाही. त्यासाठी ट्यूबचा टीव्हीच हवा. अशी बंदूक घरात असेल तर तो टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका.

दादा नाशिकहून आला तेव्हा त्याने कार्ड उघडलं. त्याच्या स्पर्धांची यादी, संघांची नावं, सगळं जागेवर होतं. एक एकदिवसीय सामना मधेच सोडलेला होता, तो आम्ही पुढे खेळलो. पहिल्या काही चेंडूंनंतर तो म्हणाला, “आपल्या टीव्हीवर लागायचं तस्संच लागतंय गं.” त्याच्या तोंडून हे ऐकायचं होतं, कारण त्या टीव्हीवर माझ्यापेक्षा जास्त तोच खेळला आहे.

आता पीएस वनच्या डिस्का उरल्या आहेत. त्या पीएस टूमध्ये चालतात, पण त्यांचं चित्र बहुतेक वेळ २८८पी, म्हणजे २८८ ओळींचं पण एकदम पूर्ण येणारं, असतं, आणि मेन्यूसारख्या ठिकाणी काही गेम मधेच ५७६आय करतात. असा बदल झाला की मॉनिटर नव्याने जुळवून घेतो आणि क्षण-दोन क्षण पडदा काळा राहतो. मारामारीच्या गेममध्ये ते चालत नाही, तिथे मी ट्यूनर आणि मामाचा चौकोनी मॉनिटर तेवढ्यापुरते जोडते. त्या जोडीत व्हीजीएकडे जाणारं चित्र कायम एकाच मापाचं असतं, त्यामुळे मॉनिटरला मधे काही बदललं हे कळतच नाही.